हिऱ्याची अंगठी घरी कशी स्वच्छ करावी?

तुमची अंगठी खराब झालेली नाही, तेलकट झालीय. हिऱ्याला तेल-तूप लगेच चिकटतं. कणीक मळताना, डोक्याला तेल लावताना अंगठी बोटातच असते ना? मग खड्याच्या मागच्या बाजूला थर बसतो अन् चमक जाते.

वाटीत कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, अंगठी अर्धा तास बुडवून ठेवा. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशनं खालून, खड्याच्या पाठीमागून घासा. सगळा मळ तिथंच असतो. माझ्या अंगठीतून तर वाळलेली कणीक निघाली! आमच्या लातूरकडं बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग पडतात. म्हणून शेवटी फिल्टरच्या पाण्यानं धुवा अन् सुती कपड्यानं टिपा. सिंकमध्ये धुऊ नका, खाली परात घ्या.

टूथपेस्ट नको. हिऱ्याला काही होत नाही, पण सोन्यावर चरे पडतात. साध्या सोन्याच्या बांगड्यांना रिठ्याचं पाणी चालतं. मोत्याची नथ अन् लाख भरलेले दागिने मात्र भिजवू नका, ओलसर कपड्यानं नुसते पुसा. खडा हलत असेल तर आधी सोनाराकडं.