हेस्टिंग्ज कुठे गेला?

गेल्या महिन्यात या पानावर अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकादंबऱ्यांतल्या प्वारो या गुप्तहेरावरच्या ब्रिटिश ‘प्वारो’ मालिकेबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून आजची जागा या पत्रांना देते.

प्रश्न : मालिकेचे सगळे ७० भाग पाहिले. सुरुवातीला मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज, पोलिसांतला इन्स्पेक्टर जॅप, सेक्रेटरी मिस लेमन यांनी प्वारोचं घर भरलेलं असतं. पुढे तिघंही न सांगता-सवरता नाहीसे होतात आणि सगळं उदास होत जातं. ही मूळ पुस्तकांशी बेइमानी नाही का? — एक वाचक, नेरूळ

तुम्हाला वाटते ती हळहळ मलाही वाटते, पण बेइमानी म्हणाल तर ती आधीच्या भागांत आहे. ख्रिस्तीबाईंनी हेस्टिंग्जला जेमतेम ८ कादंबऱ्यांत आणलंय. लग्न करून तो अर्जेंटिनाला जातो आणि १९३७च्या ‘डम्ब विटनेस’नंतर थेट शेवटच्या ‘कर्टन’मध्ये भेटतो. १९८९मध्ये मालिका सुरू झाली ती मुख्यतः लघुकथांवर, आणि मूळ कथेत नसतील तिथेही ही माणसं घातली गेली. म्हणजे आपला जीव जडला ते घर पुस्तकातलं नव्हतंच, मालिकावाल्यांनी ते उभं केलं. २००३च्या सुमारास मालिका नव्या हातांत गेली आणि पुस्तकात जो एकटा आहे तो पडद्यावरही एकटा झाला.

हे मला कळतं, पण माझ्या सासूबाईंना कोण समजावणार? २०२०च्या टाळेबंदीत नौपाड्याच्या घरात आम्ही दोघी रोज दुपारी एक भाग बघायचो. त्या ८४ वर्षांच्या, इंग्रजीचा गंध नाही. मी शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगायची. प्वारो टेबलावरचे काटे-चमचे सरळ रेषेत लावायला लागला की त्या खुलायच्या, कारण देवघरातल्या पळी-पंचपात्राचं त्यांचंही तसंच. पण प्रत्येक भाग लागला की पहिला प्रश्न एकच, “अगं, तो उंच मित्र नाही का आज?” कित्येक दिवस मी नुसती मान हलवत होते. मग ‘द बिग फोर’ लागला. २०१३चा भाग, दहा वर्षांहून जास्त काळाने तिघं परत आलेले. सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या, “आले गं सगळे!” आणि पुढच्याच क्षणी त्यांना त्या मंडळींचे काळे कपडे दिसले. त्यांनी माझा हात धरला तो भाग संपेपर्यंत सोडला नाही. (पुढे काय होतं ते इथे लिहीत नाही.)

पुस्तकाशी इमान राखलं की नाही, यापेक्षा त्या रिकाम्या घरातून नव्या मंडळींनी काय मिळवलं ते मी बघते. २००३चा ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ मी चारदा पाहिलाय. नवऱ्याच्या खुनाची शिक्षा झालेल्या बाईची मुलगी मोठी होऊन प्वारोकडे येते. कादंबरीत ती आई तुरुंगात मरते, मालिकेत तिला फाशी होते. बदल मोठा आहे, पण मला पटला. न्यायालयाची चूक झाली असलीच, तर ती सुधारायची वाट सरकारने स्वतःच्या हाताने बंद केलेली असते. अशा वेळी प्वारोच्या बाजूला बसून हेस्टिंग्जने मोटारींच्या गप्पा मारलेल्या मला सहन झाल्या नसत्या.

प्रश्न : पॉयरॉट, पॉयरॉ की प्वारो? — एक वाचक, ऐरोली

प्वारो. मालिकेत प्वारो साकारणारा अभिनेता डेव्हिड सुशे याने या माणसाच्या लकबींची ९३ कलमांची यादी करून ठेवली होती. तिच्यात पहिलंच कलम, हा बेल्जियन आहे, फ्रेंच नव्हे.

प्रश्न : ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये प्वारो एवढा संतापलेला आणि हातात जपमाळ घेतलेला का दाखवलाय? कादंबरीत असं काही नाही. आमच्या घरी यावरून वाद झाला. — एक वाचक, ठाणे पश्चिम

वादात मी अर्धी तुमच्या बाजूने आहे. इस्तंबूलच्या रस्त्यावर एका बाईला दगडांनी मारल्याचा प्रसंग पुस्तकात नाही आणि तो नको होता. पुढे गाडीत जे घडणार त्याची शिकवणी आधीच घेतल्यासारखं वाटतं, आणि त्यासाठी एक आख्खं शहर क्रूर रंगवलं गेलं. पण संताप मला हवा आहे. १९३४च्या कादंबरीत प्वारो दोन उलगडे मांडतो आणि एका वाक्यात बाजूला होतो. वाचताना ते मोहक वाटतं. २०१०च्या नाताळात दाखवलेल्या भागात त्या एका वाक्याची किंमत सुशेच्या चेहऱ्यावर दिसते. प्वारो श्रद्धाळू कॅथलिक आहे हे ख्रिस्तीबाईंनीच लिहून ठेवलंय, तेव्हा जपमाळ काही आभाळातून पडलेली नाही.

प्रश्न : आधी पुस्तक की आधी मालिका? — एक वाचक, वाशी

‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ आधी वाचाच, कारण आत्ता विचारू नका. ‘द एबीसी मर्डर्स’ कसंही चालेल. मी ते ठाणे-व्हीटी लोकलमध्ये उभ्याने वाचलं. अँडोव्हर, बेक्सहिल, चर्स्टन, प्रत्येक प्रेताजवळ रेल्वेचं वेळापत्रक सापडतं. तेव्हा माझ्या पर्समध्येही लोकलचं वेळापत्रक असायचं. पुस्तक संपेपर्यंत ते काढताना हात थबकायचा.

प्रश्न : शेवटचा ‘कर्टन’ मी पाहिलेला नाही. प्वारो जातो हे ठाऊक आहे, म्हणून धीर होत नाही. पाहू का? — एक वाचक, कोपरी

पाहा, ताई. ख्रिस्तीबाईंनी ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धात लिहून कुलपात ठेवली आणि १९७५मध्ये छापू दिली. सुशेनेही या भागाचं चित्रीकरण शेवटच्या पाच भागांत सर्वांत आधी उरकलं. मग डेव्हनमधल्या ग्रीनवेला, खुद्द ख्रिस्तीबाईंच्या घरी, ‘डेड मॅन्स फॉली’ या भागात जिवंत, ताठ प्वारो साकारून निरोप घेतला. तुम्हीही तसंच करा. ‘कर्टन’ आधी पाहा आणि ‘डेड मॅन्स फॉली’ दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा.

सासूबाईंना मी ‘कर्टन’ दाखवला नाही. “पुढचा भाग?” विचारलं तेव्हा “संपले” म्हणाले. त्यांना त्रास नको असं वाटलं होतं. गेल्या वर्षी त्या गेल्या, आणि आता राहून राहून वाटतं की दाखवायला हवा होता. त्या भागात हेस्टिंग्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.