सौरज्वाळांवरून काढलेलं फ्रॅक्टल चित्र शेकोटीसारखं का दिसतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ॲपोफिसिस या फ्रॅक्टल चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सौरज्वाळा काढायला गेलं की शेकोटी का होते, आणि मुळात या ज्वाळा फ्रॅक्टल, म्हणजे लहान भागातही मोठ्यासारखीच रचना पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या, असतात का. फावल्या वेळात माझेही हेच उद्योग चालतात, म्हणून उत्तर देतोय.

शेकोटी होते कारण आपण आग काढायला बसतो, आणि सूर्यावर काही जळतच नाही. डागांच्या आसपास पिळवटलेल्या चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात, साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते आणि तिथला वायू कोटीभर अंशांपर्यंत तापतो. हा विद्युतभारित वायू रेषांच्या कडेकडेनेच वाहतो. त्यामुळे दिसतात त्या कमानी, दोन्ही पाय पृष्ठभागात रोवून एकीला लागून एक उभ्या. नासाच्या सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरीचं १७१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचं (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) चित्र पूर्ण आकारात (४०९६ बाय ४०९६) उघडून बघा. एकेका कमानीत बारीक धाग्यांची जुडी दिसेल. टोकाशी निमुळती होणारी, लवलवणारी ज्योत मात्र शोधून सापडणार नाही.

आता गंमत अशी की फ्लेम फ्रॅक्टलमध्ये (ॲपोफिसिस काढतं ती चित्रं) कमानी काढायची सोय आधीपासूनच आहे. 'स्फेरिकल' हे व्हेरिएशन (बिंदू हलवण्याचं तयार सूत्र) घ्या. ते बिंदूच्या निर्देशकांना केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने भागतं, म्हणजे लांबचा बिंदू जवळ येतो आणि जवळचा लांब जातो. केंद्रातून न जाणाऱ्या सरळ रेषेचं यात वर्तुळ होतं आणि ते वर्तुळ केंद्रातून जातं. आडव्या समांतर रेषांचा गठ्ठा घातलात तर केंद्रापाशी एकमेकांना टेकलेली लहानमोठी वर्तुळं मिळतात. द्विमितीतल्या चुंबकीय द्विध्रुवाच्या क्षेत्ररेषा गणिताने अगदी अशाच येतात! चित्राची खालची कड केंद्राच्या किंचित वर धरून कापा, की प्रत्येक वर्तुळाची दोन पायांची कमान होते, आणि मोठ्या कमानीचे पाय आपोआप जास्त फाकलेले येतात. मग साधा लिनियर ट्रान्सफॉर्म (चित्राची प्रत लहान-मोठी करणारा, सरकवणारा, फिरवणारा नियम) घालून, थोडा लहान करून, जरासा फिरवा. दोन-तीन ट्रान्सफॉर्म पुरे; जास्त झाले की धागे जाऊन धूर होतो.

गॅमा (फिकट छटांचा उजेड ठरवणारी सेटिंग) थोडा उतरवा. फ्लेम अल्गोरिदम बिंदू किती वेळा पडला याचा लॉगरिदम घेऊन उजेड ठरवतो, म्हणून फिकट भागही बराच वर येतो आणि धाग्यांमधला काळोख भरून जातो. तो काळोख राहिला पाहिजे.

लाल-नारिंगीचा हट्ट सोडा. नासाची ती चित्रं अतिनील किरणांमधली, डोळ्यांना न दिसणारी. रंग नासाने ओळखीपुरते ठरवलेत. १७१ ला सोनेरी, ३०४ ला लाल, ९४ ला हिरवा, १३१ ला निळसर हिरवा. ज्वाळेचा सगळ्यात तापलेला वायू १३१ मध्ये उठून दिसतो, त्यामुळे मला तरी निळसर हिरव्यातली चित्रं जास्त खरी वाटतात.

दुसरा प्रश्न. आकाराने म्हणाल तर ज्वाळा काटेकोर फ्रॅक्टल नाही. धागा ठरावीक मर्यादेपर्यंतच सुटा होतो. फ्रॅक्टलपणा दिसतो तो संख्येत. लहान ज्वाळा ढिगाने, मोठ्या मोजक्या, आणि हे प्रमाण ऊर्जेच्या खूप मोठ्या पल्ल्यात एकाच घात-नियमाने (पॉवर लॉ) चालतं. १९९१ मध्ये लू आणि हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी याचा अर्थ असा लावला की प्रत्येक ज्वाळा ही चुंबकीय क्षेत्रातल्या छोट्या छोट्या घसरणींची साखळी असते. वाळूचा ढीग कोसळताना गणित असंच चालतं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टनने १ सप्टेंबर १८५९ ला पाहिलेली ज्वाळा या रांगेच्या पार टोकाची. (तिच्यामागून आलेल्या चुंबकीय वादळाची नोंद आपल्या कुलाबा वेधशाळेत झाली होती.) चित्रात हे आणायचं तर कमानी एकसारख्या नकोत: बारक्या भरपूर, मधल्या थोड्या, अवाढव्य एखादीच. ट्रान्सफॉर्मची वेट्स (कोणता किती वेळा लागू व्हायचा ते आकडे) बदलून हे साधतं.

नमुन्यांसाठी भारताच्या आदित्य-एल१ यानावरच्या, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत तयार झालेल्या 'सूट' दुर्बिणीची चित्रंही बघा. मात्र ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये, म्हणजे कमानींच्या खालचे थर दाखवते. डाग आणि पृष्ठभागाचा पोत यासाठी ती उत्तम, कमानींसाठी नासाचीच. ॲपोफिसिसमध्ये चित्रावरून ग्रेडियंट (रंगपट्टी) बनवता येतो, तेव्हा १३१ चा तुकडा कापून थेट त्याचेच रंग उचला.