रायफलीच्या काडतुसांत .३०-०६ चा धक्का .३०८ पेक्षा खूप जास्त लागतो का?

खूप नाही, पण जास्त लागतो, साधारण १५ टक्के. गोळी, बंदुकीची दारू आणि रायफल यांची वजनं आणि वेग घालून जे नेहमीचं सूत्र वापरतात त्याने ३.६ किलोच्या रायफलीत १८० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला .३०८ चे १७-१८ फूट-पाउंड (धक्क्याच्या ऊर्जेचं माप) येतात, .३०-०६ चे २० च्या आसपास, कारण गोळी तीच असली तरी .३०-०६ ची केस (काडतुसाची पितळी नळी) ६३ मिमी लांब (.३०८ ची ५१), दारू जास्त मावते आणि तिचा गॅसपण मागे ढकलतोच ना. हलक्या गोळीची .२४३ तर ९-१० वरच थांबते, एकदम मऊ. मोठ्या .३७५ चं तर नावच नको, तिचा धक्का फारच.

फक्त हे कागदावरचं झालं. बटचा (रायफलीचं खांद्याला टेकणारं मागचं टोक) आकार, रबरी पॅड, अंगावर काय घातलंय यावर खांद्याला लागणारं बदलतं, आपल्या नाशकात डिसेंबरात जाड स्वेटरवर जी रायफल गरीब वाटते तीच मे मध्ये टीशर्टवर थेट हाडाला लागते, आणि बट सैल धरली तर .३०८ पण खांदा निळा करते. (नेमबाजीच्या रेंजपुरतं बोलतोय, शिकार आपल्याकडे कायद्याने बंद आहे.)