नागपुरात मे महिन्यात मंद वारा नसतो

धंतोली, नागपूर

चि. ...स,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शाळेपासून आजवर शेकडो पुस्तके वाचली, तरी स्वतःची कथा लिहायला घेतली की लेखणी पहिल्या पानापुढे सरकत नाही, आणि सरकलीच तर जे उतरते ते आधी कुठेतरी वाचल्यासारखे वाटते, अशी तुझी तक्रार आहे. तिचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटला, कारण आपले वाक्य उसने आहे हे ज्याला ओळखता येते त्याचे वाचन फुकट गेलेले नसते. (शेकडो हा आकडा मात्र पुन्हा कोणाला सांगू नकोस.)

तेविसाव्या वर्षी मीही एक कथा लिहून एका मासिकाकडे पाठवली होती. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात राहणारा, मुलाच्या पत्राची वाट पाहणारा एक निवृत्त कारकून हा तिचा नायक होता. कथा साभार परत आली. संपादकांनी एकाच वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती: मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता माझा कारकून अंगणात आरामखुर्ची टाकून मंद वाऱ्यात डुलक्या घेत होता. शेजारी दोनच शब्द होते, 'नागपुरात? मेमध्ये?' मला हसू आले नाही, राग आला. पारा 45 अंशांच्या पुढे जातो, माणसे दारे-खिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून अंधारात पडून राहतात, बाहेर पडावेच लागले तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा घालून पडतात, हे मला कोणी सांगायला हवे होते काय? जन्मापासून अंगावर घेतलेला हा उन्हाळा माझ्या कथेत नव्हता, कारण मी वाचलेल्या पुस्तकांत तो नव्हता. ती बहुतेक पुण्या-मुंबईची आणि कोकणातली होती, आणि तिथली दुपार मी जशीच्या तशी उचलून महालात आणून ठेवली होती.

तेव्हापासून मी पुस्तकाला हरकत घेत वाचू लागलो. पहिल्या वाचनात पुस्तकाच्या स्वाधीन व्हावे, त्यात काही गैर नाही. तो आनंद सोडून लेखक झालेला मनुष्य मी पाहिलेला नाही. पण आवडलेली कथा दुसऱ्यांदा हातात घेण्यापूर्वी तिचा क्रम आठवेल तसा कागदावर लिहून काढ आणि मग मूळ कथेशी ताडून पाहा. ज्या प्रसंगाचे दोन पानी वर्णन आपण वाचले अशी तुझी खात्री असते तो तिथे अनेकदा दोन ओळींत आटोपलेला सापडतो, आणि जे पान तुझ्या लक्षातही राहिले नाही त्याच पानाने त्या दोन ओळींची तयारी केलेली असते. हे कोणी शिकवून कळत नाही, ताडून पाहिल्यानेच कळते.

उद्धव शेळके यांची 'धग' (1960) ही कादंबरी अशीच वाच. तिच्यातली माणसे वऱ्हाडी बोलतात ती वाचकाची करमणूक व्हावी म्हणून नव्हे. त्यांच्या कष्टांना दुसरी भाषा पुरलीच नसती. आपल्याकडे घरात 'मी जाऊन राहिलो' म्हणणारा माणूस कथेत शिरला की 'मी जात आहे' म्हणू लागतो, आणि लिहिणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही.

नाटककार महेश एलकुंचवार सिनेमाचे तिकीट मिळाले नाही म्हणून नाटकाला गेले, ही हकीकत तू ऐकली असशील. विजया मेहता यांनी बसवलेले विजय तेंडुलकरांचे ते नाटक त्यांना इतके भिडले की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पाहायला गेले. लोक ही गोष्ट योगायोगाची म्हणून सांगतात आणि तिथेच थांबतात. त्यानंतर त्यांनी वर्षभर नाटके वाचली, हा भाग गाळला जातो. 'सत्यकथा' मासिकात त्यांची 'सुलतान' ही एकांकिका छापून आली ती 1967 मध्ये, त्या वाचनानंतर.

आणखी एक कर. येत्या विजयादशमीला दीक्षाभूमीवर जा आणि तिथल्या पुस्तकांच्या दुकानांपाशी तासभर नुसता उभा राहा. खेड्यांतून आलेली माणसे परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्यांत पुस्तक बसते का हे पाहतात, पाने उलटतात, एखादा परिच्छेद उभ्यानेच वाचतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या तुझी कथा वाचील आणि 'आमच्याकडे असे नसते' म्हणेल. लिहिताना मला अजूनही धाक वाटतो तो त्याचाच; समीक्षकांचा फारसा वाटत नाही.

रविवारी ऊन उतरल्यावर, सहाच्या सुमारास ये. कथा आणू नकोस. ज्या पुस्तकाशी तुझे सर्वांत जास्त भांडण झाले असेल ते आण, आणि भांडणाच्या प्रत्येक जागी कागदाची चिठ्ठी घालून आण. पुस्तक वाचनालयाचे असेल तर त्यावर पेन्सिल चालवू नकोस.

तुझा,
एक जुना वाचक