यादी दिसेना, खिडकी हलेना: जावा स्विंगची प्रश्नोत्तरे

जावाच्या स्विंगमध्ये (खिडक्या, बटणं बनवायच्या साधनसंचात) टेक्स्ट एरियात, म्हणजे मजकुराच्या चौकटीत, यादी दाखवण्यावरून पुन्हा तेच प्रश्न आलेत. एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न: ग्राहकांची ॲरेलिस्ट टेक्स्ट एरियात टाकली की नावांऐवजी 'ग्राहक@१बी६डी३५८६' असलं काहीतरी येतं. मित्र म्हणतो, जावा बिघडलीय, परत इन्स्टॉल कर. (विद्यार्थी, ऐरोली)

उत्तर: जावा ठणठणीत आहे. तुमच्या क्लासला स्वतःची टूस्ट्रिंग मेथड नाही, म्हणून ऑब्जेक्ट क्लासची वापरली जाते. ती क्लासचं नाव, @ आणि हेक्समधला हॅशकोड (ऑब्जेक्टसाठी काढलेला एक आकडा) देते. टूस्ट्रिंग ओव्हरराइड करा, म्हणजे आपल्या क्लासमध्ये स्वतःची लिहा. वर @ओव्हरराइड लिहा, म्हणजे स्पेलिंग चुकलं तर कंपायलर लगेच बोंबलेल. ग्राहकाचा मोबाइल नंबर मात्र त्यात घालू नका. हा मजकूर लॉगमध्येही (प्रोग्रामच्या नोंदवहीत) जाऊन बसतो.

प्रश्न: लूप फिरतो, पण शेवटचाच ग्राहक दिसतो. (वाशी)

उत्तर: लूपमध्ये सेटटेक्स्ट वापरलं असणार, ते आधीचं पुसतं. अपेंड वापरा, ते शेवटी भर घालतं.

प्रश्न: दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बिले दाखवा' दाबलं की खिडकी गोठते, मिनिटभराने सगळी बिलं एकदम येतात. करून देणारा म्हणतो, रॅम वाढवा. भाचा म्हणतो, अपेंड वेगळ्या थ्रेडमधून करा, चालतं. (नौपाडा, ठाणे)

उत्तर: रॅमचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. हे विक्रेत्यांचं आवडतं औषध आहे, दुखणं कुठलंही असो. स्विंगमध्ये खिडकी रंगवणं आणि बटणाचं क्लिक ऐकणं ही दोन्ही कामं एकच थ्रेड (प्रोग्राममधली कामाची एक रांग) करतो, इव्हेंट डिस्पॅच थ्रेड. बटणाच्या ॲक्शनपरफॉर्म्डमध्येच डेटाबेसची क्वेरी लिहिली, तर ती संपेपर्यंत हा थ्रेड तिथेच अडकतो. उद्या सॉफ्टवेअर करून देणारा तुम्हाला 'कृपया थांबा' असं लेबल लावून देईल. तेही दिसणार नाही, कारण ते रंगवणाराही हाच थ्रेड!

भाच्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अपेंड थ्रेड-सेफ आहे, म्हणजे कुठल्याही थ्रेडमधून बिनधोक वापरता येतं, असं जावा ६ च्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं होतं. जावा ७ मध्ये ती ओळ काढली. जावा ७ आली २०११ साली. तरी हा सल्ला अजून फिरतोच आहे. योग्य वाट म्हणजे स्विंगवर्कर, लांबलचक काम वेगळ्या थ्रेडवर चालवणारा क्लास. क्वेरी डूइनबॅकग्राउंडमध्ये, हाती आलेली बिलं पब्लिशने पुढे, आणि टेक्स्ट एरियात भर घालायची ती प्रोसेसमध्ये. प्रोसेस इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवरच चालते. हे जावा ६ पासून तयार मिळतं. करून देणाऱ्याला एवढंच विचारा: "क्वेरी कुठल्या थ्रेडवर चालते?" उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसऱ्या जाणकाराला कोड दाखवा. मी कोड न पाहता याहून जास्त सांगणार नाही. क्वेरीच मंद असेल, तर तो उपाय वेगळा.

प्रश्न: नावं आणि रकमा एकाखाली एक येत नाहीत. स्पेस देऊन दमले. (कोपरखैरणे)

उत्तर: इंग्रजी मजकूर मोनोस्पेस्ड फॉन्टने जुळेल. मराठी नावं जुळायची नाहीत. जोडाक्षरं आणि मात्रा सगळ्या सारख्या रुंदीच्या नसतात. रकाने हवेत तर जेटेबल (स्विंगचा तक्ता) घ्या. टेक्स्ट एरियाचीच अट असेल, तर आधी प्रोजेक्टच्या गाईडशी बोला.

प्रश्न: सबमिशन सोमवारी आहे. ठाणे स्टेशनजवळ रेडीमेड प्रोजेक्ट मिळतोय, यादी नीट दिसते. घेऊ का?

उत्तर: नको. गाईडना आजच गाठा, चालतंय तेवढं दाखवा आणि अडलंय कुठे ते सांगा. रविवारी रात्री मला लिहू नका.