मेक्सिकोचे राष्ट्रीय विद्यापीठ: १५५१ की १९१०?

मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे, म्हणजे 'उनाम'चे, स्थापनावर्ष कुठे १५५१ तर कुठे १९१० दिलेले असते. त्यातले खरे कोणते आणि आज या विद्यापीठाची पत किती, असे आपण विचारले आहे. आजच्या संस्थेचे जन्मवर्ष १९१० हेच मानावे, असे माझे मत आहे. अर्थात, विद्यापीठाने स्वतः १९५१ मध्ये चारशे वर्षे आणि २०१० मध्ये शंभर वर्षे साजरी केली, त्यामुळे गोंधळाचा दोष वाचकाकडे जात नाही.

२१ सप्टेंबर १५५१ च्या स्पॅनिश राजाज्ञेने मेक्सिको शहरात स्पेनमधील सालामांका विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठ मंजूर झाले आणि १५५३ मध्ये तेथे अध्यापन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर उदारमतवाद्यांना ते धर्मसत्तेचा बालेकिल्ला वाटू लागले. १८३३ मध्ये ते बंद झाले, पुढे सरकारे बदलतील तसे उघडत-मिटत राहिले आणि १८६५ मध्ये सम्राट माक्सिमिलियानोने त्याला कायमचे टाळे लावले. कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी यांच्या शाळा मात्र स्वतंत्रपणे चालू राहिल्या. त्याच शाळा एकत्र आणून शिक्षणमंत्री हुस्तो सिएरा यांनी सप्टेंबर १९१० मध्ये, स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दी सोहळ्यात, राष्ट्रीय विद्यापीठ उभे केले. आणि उद्घाटनाच्या भाषणातच त्यांनी जुने विद्यापीठ हा आपला भूतकाळ असला तरी आपला पूर्वज नव्हे, अशी भूमिका घेतली. संस्थापकानेच वारसा नाकारल्यावर आपण तो आग्रहाने कशाला लावावा? 'अमेरिका खंडातील सर्वांत जुने' हा मानही त्यामुळे पेरूतील लिमाच्या सान मार्कोस विद्यापीठाकडे जातो, कारण त्याची राजाज्ञा मे १५५१ ची आहे आणि ते विद्यापीठ आजही चालू आहे. (डोमिनिकन प्रजासत्ताकातील सांतो दोमिंगोच्या विद्यापीठाचा दावा १५३८ चा आहे, पण तो वादग्रस्त आहे.)

नावातला 'राष्ट्रीय' हा शब्दही सरळ मार्गाने टिकलेला नाही. १९२९ च्या विद्यार्थी संपानंतर स्वायत्तता मिळाली. १९३३ च्या कायद्याने ती वाढवताना 'राष्ट्रीय' हे विशेषण काढून घेतले आणि १९४५ च्या कायद्याने ते परत दिले. स्वायत्तता ही तेथे केवळ कागदोपत्री बाब नाही. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनात कुलगुरू हाविएर बारोस सिएरा स्वतः विद्यार्थ्यांच्या मोर्चाच्या अग्रभागी चालले, आणि सप्टेंबरमध्ये लष्कर विद्यापीठनगरीत, म्हणजे मुख्य परिसरात, घुसले, ही गोष्ट आजही जखमेसारखी आठवली जाते.

दर्जाविषयी सांगायचे तर विद्यापीठांच्या 'क्यूएस' जागतिक क्रमवारीत २०२५ च्या यादीपर्यंत ते काही वर्षे पहिल्या शंभराच्या आसपास होते. या आकड्यापेक्षा मला त्याचा व्याप आणि शुल्क जास्त बोलके वाटतात. विद्यार्थी साडेतीन लाखांहून अधिक आहेत. त्यांत विद्यापीठाच्या स्वतःच्या पूर्वतयारी (उच्च माध्यमिक) शाळांतील मुलेही मोजली जातात, म्हणून आपल्याकडच्या विद्यापीठाशी थेट तुलना करू नये. मेक्सिकन विद्यार्थ्याचे वार्षिक शुल्क वीस सेंटावो (शंभर सेंटावोंचा एक पेसो), म्हणजे साधारण एक रुपया! साठच्या दशकात ते दोनशे पेसो होते. १९९३ मध्ये चलनाची तीन शून्ये उडाली आणि दोनशेचे ०.२० झाले. १९९९ मध्ये ते वाढवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा एप्रिलपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत संप चालला आणि अखेर पोलीस आत शिरले. शुल्क मात्र होते तेवढेच राहिले. अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस, ओक्तावियो पास आणि मारियो मोलिना हे मेक्सिकोचे तिन्ही नोबेल मानकरी येथेच शिकले. (मेक्सिकोत अध्यापन केलेले आपले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मात्र चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात होते, येथे नव्हे.)

विद्यापीठनगरी शहराच्या दक्षिणेला, शित्ले ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्हावर वसली आहे, आणि २००७ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या जवळजवळ खिडक्या नसलेल्या भिंती हुआन ओ'गॉर्मन यांनी देशभरातून गोळा केलेल्या नैसर्गिक रंगीत दगडांच्या तुकड्यांनी मढवल्या. रंग लावलेला नसल्याने तो उडण्याचा प्रश्नच नाही. १५५१ चा वाद तेथे भिंतीवरच मिटवलेला दिसतो: दक्षिणेच्या भिंतीवर स्पॅनिश राजवट आहे, उत्तरेच्या भिंतीवर तिच्याही आधीची संस्कृती, आणि आजचे विद्यापीठ पश्चिमेला.