जुन्या कॉम्प्युटरवरच्या फायली नव्यावर कशा न्यायच्या?

एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, तेच सोपं. विंडोजमध्ये सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’मध्ये तुमच्या नावाचा फोल्डर असतो, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो बहुतेक तिथेच. तो कॉपी करा, कट अजिबात नको. मध्येच वीज गेली तरी मूळ फायली शाबूत राहतात. डी ड्राइव्हही बघा. ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल, तर पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे; तो रिकामा करून एक्सफॅट या नव्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट करा.

आणि हे लोक हमखास विसरतात: श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी असेल, तर तो फॉन्टही नव्या मशीनवर हवा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. वडिलांचं लिखाण वगैरे असेल तर आधी तेच उघडून बघा. तोवर जुनी डिस्क पुसू नका.